मांडवी–जुवारी मुखांवरील पाण्याचा दैनिक बदल

गोव्यात मांडवी आणि जुवारी नद्या अरबी समुद्राला मिळतात, तिथल्या पाण्याची क्षारता, सामू (pH), विरघळलेला ऑक्सिजन, पोषकद्रव्ये आणि वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) प्रमाण एका दिवसातही स्थिर नसते. हे बदल सूर्य आणि चंद्र दोघेही घडवतात, पण दोघांचा दिवस सारखा नाही : सूर्याचा 24 तासांचा, चंद्राचा त्याहून सुमारे 50 मिनिटांनी मोठा. कोकणातले दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, ती याच फरकामुळे.

दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात. भरतीबरोबर समुद्राचे पाणी आत शिरते. त्याची क्षारता हजारी 35 च्या आसपास असते. ओहोटीला नदीचे मचूळ पाणी बाहेर पडते आणि नायट्रेट, सिलिकेट व गाळ सोबत आणते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही ये-जा जोरात चालते, अष्टमीच्या सुमारास भांगाला मंदावते.

सूर्याचे काम वनस्पतिप्लवकांमार्फत होते. उजाडल्यावर ते प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. त्यामुळे दुपारपर्यंत सामू आणि ऑक्सिजन चढतात. रात्री श्वसन तेवढे उरते आणि दोन्ही उतरतात. पहाटेचा ऑक्सिजन बहुधा सर्वांत कमी. अंधारात प्राणिप्लवक (तरंगणारे सूक्ष्म प्राणी) वर येऊन चरतात, तेही वनस्पतिप्लवकांच्या घटीला हातभार लावतात. भर दुपारी प्रतिदीप्तीवर (हरितद्रव्याने प्रकाश शोषून परत सोडलेल्या उजेडावर) चालणारी उपकरणे मात्र फसवतात : तीव्र उन्हात पेशींची प्रतिदीप्ती दबते, आणि हरितद्रव्य होते तेवढेच असूनही कमी दिसते.

म्हणून एकदाच भरलेल्या बाटलीवर फार विसंबू नये. रोज सकाळी 10 वाजता नमुना घेतला, तरी आज तो भरतीचा असेल आणि आठवड्याने ओहोटीचा. दर तास-दोन तासांनी, निदान एक पूर्ण भरतीचक्र नमुने घ्यावे लागतात. दोन्ही मुखांच्या मध्ये, दोना पावला येथे, 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. त्यामुळे भारतात या खाड्यांचा अभ्यास विशेष झाला आहे.

पावसाळ्यात हे गणित पार बदलते. जून ते सप्टेंबर नद्यांचे गोडे पाणी वरच्या थरात पसरते आणि खारे जड पाणी त्याखाली राहते. गाळामुळे प्रकाश खोल पोचत नाही. तरीही सिलिकेटच्या मुबलक पुरवठ्यावर, उघडीप मिळताच, स्केलेटोनेमासारखे डायटम, म्हणजे सिलिकाच्या कवचाचे वनस्पतिप्लवक, झपाट्याने वाढतात.