मेंढीचा सांधा किती वाकतो: अंशांचा घोळ कुठून आला

मेंढीचे सांधे मोजायची गरज मेंढीसाठी अशी कधी पडलीच नाही. कळपातली मेंढी लंगडायला लागली की खूर बघतात, काटा रुतलाय का, खूर सडलंय का, औषध लावतात आणि तरी बरी झाली नाही तर विकून टाकतात, सांधा किती अंश वाकतोय हे कोण बघत बसणार? गरज पडली माणसाच्या गुडघ्यामुळे. लिगामेंट (हाडं बांधून ठेवणारे बंध), मेनिस्कस (गुडघ्यातली गादी), कार्टिलेज (कूर्चा) यांच्या सर्जरीचे प्रयोग आधी कुत्र्यांवर भरपूर व्हायचे, पुढे पाळीव प्राण्यावर असलं काही करायला विरोध वाढला. मेंढीचं वजन माणसाच्या जवळपास जातं, स्वभाव गरीब, मिळतेही सहज, त्यामुळे प्रयोगशाळांनी मोर्चा तिच्याकडे वळवला. आता ऑपरेशननंतर गुडघा आखडला असं म्हणायचं तर निरोगी मेंढीचा आकडा आधी हाताशी हवा ना.

मोजायची पद्धत माणसांकडूनच आली. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचं अपंगत्व ठरवताना गोनिओमीटर, म्हणजे दोन पट्ट्या जोडलेला कोनमापक, जोरात वापरात आला. १९३६ साली माणसासाठी 'न्यूट्रल झिरो' पद्धत मांडली गेली आणि १९६५ मध्ये अमेरिकेतल्या हाडांच्या सर्जन्सच्या संघटनेने ती पुस्तिका काढून पक्की केली. माणूस सरळ उभा राहिला की सांधे शून्यावर, तिथून किती वाकतो ते मोजायचं. गुडघा ० ते १३५.

खरी गोची इथेच आहे. मेंढी उभी असतानाही तिचा मागचा गुडघा वाकलेलाच असतो, आणि निरोगी मेंढीचा पाय पूर्ण ताणला तरी तो सरळ रेषेत येत नाही. माणसाची पद्धत लावली तर धडधाकट मेंढीलाही 'गुडघा आखडलेला' असा शिक्का बसेल. म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरांनी दोन हाडांमधला कोनच सरळ लिहायला सुरुवात केली, सरळ पाय म्हणजे १८०. २००२ साली १६ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर झालेला अभ्यास इथे पायाचा दगड मानतात, त्यात गुडघा वाकवल्यावर ४२ आणि ताणल्यावर १६२ असे आकडे आले. म्हणजे आकडा जितका लहान तितका सांधा जास्त वाकलेला, माणसाच्या बरोबर उलटं. ४२ म्हणजे माणसाच्या भाषेत १३८, पण हे न बघता एकाच तक्त्यात माणसाचे आणि प्राण्याचे आकडे शेजारी टाकले की प्राण्याचा गुडघा जेमतेम वाकतो असं वाटायला लागतं. माझ्या मते प्राण्यांची पद्धत बरोबरच आहे, फक्त कुठली पद्धत वापरली ही एक ओळ तक्त्याखाली लिहायला काय जातं!

त्यात काही जण ताणल्याच्या आकड्यातून वाकवल्याचा आकडा वजा करून एकच 'रेंज' देतात. हे मला अजिबात पटत नाही. २० अंश कमी झाले हे कळतं, पण कुठल्या टोकाचे गेले ते कळत नाही, आणि उभं राहायला ताणाकडचे अंश लागतात, ते गेले तर मेंढी लंगडणार, वाकण्याकडचे गेले तर कदाचित लक्षातही येणार नाही.

त्या लॅब्रॅडॉरांमध्ये जागेपणी आणि गुंगीचं औषध देऊन घेतलेल्या मापांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, एक्स-रेशीही मापं जुळली. मेंढीत तसंच होईल असं धरून चालणं धोक्याचं, कारण ती घाबरट जनावर, आडवी पाडून धरली की स्नायू ताठ करते. आणि गुंगी द्यावी तर झायलाझिन या गुंगीच्या औषधाने मेंढीच्या फुप्फुसांना त्रास होऊन रक्तातला ऑक्सिजन उतरतो, शिवाय रवंथ करणारं जनावर असल्याने पोट फुगायची भीती वेगळीच. लोकरीचंही आहेच, खाली हाडाचा उंचवटा बोटांनी चाचपूनच शोधावा लागतो, लोकर दाट असली तर तेवढी जागा कातरून घेतात, नाहीतर पट्टी सरकते आणि माप चुकतं.

एका जातीचे आकडे दुसऱ्या जातीला आंधळेपणाने लावता येत नाहीत, मेरिनोचे दख्खनीला तर नाहीच. त्यामुळे एकच पाय दुखावला असेल तर त्याच मेंढीचा दुसरा पाय मोजून तुलना करतात.