जननी सुरक्षा वेगळी, मातृ वंदना वेगळी

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या कितीतरी घरांत बाळंतपणानंतर सातशे रुपये खात्यात आले की सगळे समजतात, सरकारकडून यायचं ते आलं. नाशिक शहरात याच्या उलट चालतं. बाळंतपण खासगी दवाखान्यात झालं, म्हणजे सरकारी योजनेचा आता संबंधच नाही, असं धरून घरचे तो विषय सोडून देतात. दोन्हीकडे हक्काचा पैसा हातातून जातो आणि तो जातो बाळंतिणीचा.

आपण ज्याला सरसकट ‘डिलिव्हरीचे पैसे’ म्हणतो, त्या खरं तर दोन योजना आहेत. एक जननी सुरक्षा योजना, दुसरी प्रधानमंत्री मातृ वंदना योजना. एकीचे पैसे मिळाले म्हणून दुसरीचे बुडत नाहीत, आणि एकीत बसत नसलात तरी दुसरीत बसू शकता. दिल्लीत दोन्हींची खातीही वेगळी: जननी सुरक्षा आरोग्य मंत्रालयाची, मातृ वंदना महिला व बालविकास मंत्रालयाची. पण पाड्यावर दोन्हींचे कागद बऱ्याचदा एकाच आशाताईच्या पिशवीत असतात. घोळ होतो तो तिथूनच.

जननी सुरक्षा योजना आली २००५ साली. बाळंतपणं घरी होत होती, बायका आणि नवजात बाळं दगावत होती, म्हणून बाईनं दवाखान्यात यावं यासाठी हा पैसा ठेवला. त्यामुळे या योजनेचा पहिला प्रश्न असतो: बाळंतपण कुठे झालं? सरकारी दवाखान्यात किंवा सरकारनं मान्यता दिलेल्या खासगी दवाखान्यात झालं असेल तर पैसे मिळतात. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यापुढे आणखी एक चाळणी आहे. लाभ फक्त दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जातीच्या आणि अनुसूचित जमातीच्या बाईला. ग्रामीण भागात ७०० रुपये, शहरात ६००. दारिद्र्यरेषेखालच्या बाईचं बाळंतपण घरीच झालं तर ५००. पूर्वी वयाची आणि अपत्यसंख्येची अट होती, ती २०१३ मध्ये काढली. म्हणजे तिसरं, चौथं बाळ असलं तरी जननी सुरक्षाचा हक्क राहतो. ही गोष्ट अजून पुष्कळांना माहीत नाही.

मातृ वंदना मुळात वेगळ्या विचारातून आली. ती १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर बाईचा रोज बुडतो, त्याची थोडी भरपाई व्हावी, तिला विसावा मिळावा, पोटात चार घास जास्त जावेत, हा तिचा उद्देश. म्हणून बाळंतपण कुठे झालं हे मातृ वंदना विचारत नाही. सिव्हिलमध्ये झालं, महापालिकेच्या बिटको दवाखान्यात झालं, की कॉलेज रोडच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये झालं, हक्क तोच. तिचे प्रश्न वेगळे: कितवं बाळ, तपासणी कधी झाली, लसी पूर्ण आहेत का?

पहिल्या जिवंत अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. त्यातले ३,००० गरोदरपणाची नोंदणी आणि शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत किमान एक तपासणी झाल्यावर. उरलेले २,००० बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. एप्रिल २०२२ पासून यात एक भर पडली. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये, एकाच हप्त्यात, जन्मानंतर. दुसरा मुलगा झाला तर काही नाही. मुलीच्या जन्माचं स्वागत व्हावं, हा हेतू चांगलाच आहे. पण नऊ महिने पोटात बाळ घेऊन राबणाऱ्या बाईची झीज मुलगा-मुलगी बघून कमी-जास्त होत नाही, आणि भरपाईचा पैसा तरी त्यावर ठरू नये, असं मला ठामपणे वाटतं.

‘हे फक्त गरिबांसाठी असतं’ हा समज मातृ वंदनेबाबत निम्माच खरा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या बाया, दारिद्र्यरेषेखालचं किंवा अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड असलेल्या, असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड, रोजगार हमीचं जॉब कार्ड किंवा आयुष्मान भारतचा लाभ असलेल्या, किसान सन्मान निधी मिळणाऱ्या शेतकरी बाया, ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या, या सगळ्या बसतातच. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तरीही चालतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटावर लागलेल्या कामगारांची, पंचवटीतल्या छोट्या दुकानदारांची कितीतरी घरं यात येतात. गरोदर अंगणवाडी सेविका, मदतनीस आणि आशाताई स्वतःही पात्र आहेत. दुसऱ्यांचे अर्ज भरता भरता आशाताईचा स्वतःचा अर्ज राहू नये, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. केंद्र, राज्य किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या कायम नोकरदार बायांना आणि दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्यांना मात्र ही योजना लागू नाही.

आता दोन्ही रकमा शेजारी ठेवून बघा. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये मातृत्व लाभ देण्याचं लिहिलेलं आहे. मातृ वंदनेत पहिल्या बाळाला ५,०००, आणि उरलेले जननी सुरक्षातून मिळून सरासरी ६,००० होतील, असा सरकारी हिशेब मांडला गेला. महाराष्ट्रात तो हिशेब जुळत नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आदिवासी बाईचे ५,००० आणि ७०० मिळून ५,७०० होतात. शहरातल्या दारिद्र्यरेषेखालच्या बाईचे ५,६००. आणि जी जननी सुरक्षाच्या चाळणीतून गळते, तिच्या हाती फक्त ५,०००. कागदावरच्या सरासरीनं तिच्या खात्यातली तूट भरून निघत नाही.

रोजाच्या भाषेत बोलायचं तर रोजगार हमीचा २०२४-२५ चा दर महाराष्ट्रात २९७ रुपये होता. त्या दरानं ५,००० रुपये म्हणजे १७ दिवसांची मजुरीही भरत नाही. ज्या बाईला संघटित क्षेत्रात नोकरी आहे तिला पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

हे सतरा दिवस कुणाच्या वाट्याला येतात, ते दिंडोरी-निफाडकडे गेल्यावर दिसतं. दिवाळी झाली की सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून माणसं द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. मांडवाखाली दिवसभर हात वर करून घडांची विरळणी करायची. मान वर, पाय एका जागी, आणि पाचवा महिना लागलेला. अशा बाईचं घर एका तालुक्यात, काम दुसऱ्या तालुक्यात. गावची आशाताई तिला शोधते तेव्हा ती बागेत असते, आणि बागेच्या गावची आशाताई म्हणते नोंद तिकडचीच असेल. होळीला ती परत येते तोवर सहा महिन्यांची मुदत कधी कधी टळून गेलेली असते. जननी सुरक्षाचे ७०० तरी दवाखान्यात बाळंतपण झालं की मिळण्याची शक्यता असते. मातृ वंदनेचे ३,००० मात्र त्या एका वेळेत न झालेल्या तपासणीपायी अडतात. म्हणून कामाला बाहेर पडायच्या आधीच उपकेंद्रात नोंद आणि पहिली तपासणी करून घ्या, आणि तपासण्या-लसींची नोंद असलेलं माता-बाल संरक्षण कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात ठेवा. घरी भिंतीला अडकवून उपयोग नाही.

असाच गुंता माहेरी जाण्यानं होतो. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मातृ वंदनेचे पाच हजारही नेमके पहिल्या बाळाचे. नोंदणी सासरी झालेली, बाळंतपण माहेरी, लसी थोड्या इकडे थोड्या तिकडे. त्यात आधारवर माहेरचं नाव आणि कार्डावर सासरचं. मग सासूबाई आशाताईंना अडवून विचारतात, “ताई, दवाखान्याचे सातशे आले, मग ते पाच हजार का अडलेत?” आशाताई सांगतात, “मावशी, सातशे जननी सुरक्षाचे. पाच हजारांचा अर्ज निराळा. सूनबाईंचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते आधी बघा.”

हा आधारचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. मातृ वंदनेचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात थेट जातात. अर्जासोबत कुठलं पासबुक दाखवलं यापेक्षा तुमचं आधार शेवटी कोणत्या बँकेला जोडलं गेलं, हे इथे ठरवतं. लग्नाआधी माहेरी शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं, नंतर पोस्टातलं, नंतर सासरच्या गावच्या बँकेतलं, अशी तीन खाती असतात, आणि बाई तिसऱ्याचं पासबुक भरून आणत राहते. पैसे दुसऱ्याच खात्यात पडून असतात. ‘आले नाहीत’ म्हणून सोडून देण्याआधी सगळी खाती तपासा.

आणखी दोन गोष्टी. मातृ वंदनेत बाईचं वय किमान १८ वर्षे ७ महिने असावं लागतं, जननी सुरक्षात वयाची अट नाही. आणि गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं तर मातृ वंदनेचा हक्क संपत नाही. पुढच्या गरोदरपणात त्या बाईला नवी लाभार्थी धरतात. अशा दुःखाच्या वेळी हे कुणी सांगत नाही, आणि नंतर विचारायचं तिच्या ध्यानीही येत नाही.

दवाखान्याचा खर्च या दोन्ही योजनांत मोजू नका. त्यासाठी २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. नाव जननी सुरक्षासारखंच, त्यामुळे गोंधळात आणखी भर. त्यात रोख पैसे नसतात. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं मोफत, आणि घरून दवाखान्यात न्यायला, परत घरी सोडायला १०२ ची गाडीही मोफत. जीपवाल्याला पैसे देऊन ते ७०० तिथेच संपवायची गरज नाही.

पैसे अडले तर दार बरोबर ठोठवा. जननी सुरक्षाबद्दल जिथे बाळंतपण झालं त्या दवाखान्यात किंवा उपकेंद्राच्या सिस्टरकडे विचारा. मातृ वंदनेसाठी आशाताई किंवा अंगणवाडीत जा. ऑनलाइन अर्ज स्वतःही भरता येतो, आणि नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे एकट्या आईनंही मागे राहू नये. अर्जाची मुदत बाळ जन्मल्यापासून २७० दिवस, म्हणजे बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत. घरात किंवा शेजारी त्याहून लहान पहिलं बाळ असेल किंवा दुसरी मुलगी असेल आणि अर्ज राहिला असेल, तर कार्ड, आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन या आठवड्यातच जा.