रोहित पाहायला जाताना आधी भरती बघा

नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, पाहायचे असतील तर सूर्योदयापेक्षा भरतीची वेळ महत्त्वाची. ओहोटीला ठाण्याच्या खाडीत दूरवर चिखल उघडा पडतो आणि सगळे थवे तिथे चरायला उतरतात. पाणी चढलं की तो चिखल बुडतो. मग थवे उडून टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत किंवा डीपीएस शाळेजवळच्या तलावात येतात, एक पाय पोटाशी घेऊन डुलकी काढतात आणि पाणी ओसरलं की परत खाडीत जातात.

भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आठवड्याभरात हा फरक सहा तासांच्या आसपास जातो, त्यामुळे गेल्या रविवारी सकाळी गुलाबी झालेला तलाव या रविवारी त्याच वेळी ओसाड दिसू शकतो. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चिखल पुरता बुडतो. अष्टमीच्या सुमारास, कोळी ज्याला भांग म्हणतात तेव्हा, पाणी तेवढं चढत नाही. मोठा थवा हवा असेल तर उधाण गाठावं.

आपल्याकडे जास्त दिसतो तो छोटा रोहित. दुर्बीण असेल तर त्याची गडद, काळपट-लाल चोच नीट पाहा. मान खाली घालून तो चोच उलटी पाण्यात बुडवतो. जीभ पंपासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते नि बाहेर फेकते, आणि चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत सूक्ष्म शेवाळ अडकतं. त्यातल्याच रंगद्रव्यांनी पिसं गुलाबी होतात. थव्यात राखाडी पक्षी दिसले तर ती पिल्लं समजावीत, रंग चढायला त्यांना काही वर्षं लागतात. मोठ्या रोहितची झालर विरळ असते, म्हणून तो कोळंबीसारखे जीव, किड्यांच्या अळ्या असं जाडं खाद्य खातो. एकाच चिखलात दोघांचं भागतं ते यामुळे. शेजारीच काळ्या शेपटीचा पाणटिवळा हा पक्षी लांब चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून, दिसत नसलेला किडा नुसत्या स्पर्शाने शोधतो. मला तर रोहितपेक्षा तोच जास्त वेळ खिळवून ठेवतो.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पण भरतीत टेकायच्या नेरूळच्या जागा त्या अभयारण्याबाहेर आहेत. तिथे खाडीचं पाणी आत-बाहेर करण्याच्या वाटा भरावाने बुजल्या की पाणी साचून वर शेवाळाचा थर चढतो, नाहीतर तलाव आटतो आणि भटकी कुत्री थेट थव्यापर्यंत पोचतात. आणि पाणी खोल झालं, तर तुतारी, चिखल्या अशा आखूड पायांच्या छोट्या पक्ष्यांना उभं राहता येत नाही. खाडी राखली आणि या जागा गमावल्या, तर भरतीच्या तासांत हे पक्षी जाणार कुठे?

जाल तेव्हा काठावरूनच पाहा, थवा उडवण्यासाठी टाळ्या वाजवू नका, ड्रोन तर नकोच. एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेलं रंगीत कडं दिसलं तर त्यावरची अक्षरं वाचता येतील असा फोटो काढून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. असा पक्षी कुठून कुठे जातो हे अशाच नोंदींतून कळतं.