यहोवाचे साक्षीदार : टीका आणि अनुयायांना न्याय

यहोवाचे साक्षीदार हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेला ख्रिस्ती पंथ. चार्ल्स टेझ रसेल यांच्या पिट्सबर्ग परिसरातील बायबल अभ्यासमंडळातून तो वाढला. आजचे नाव १९३१ मध्ये घेतले गेले. त्रैक्य (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा सिद्धांत) न मानणे, नाताळ व वाढदिवस साजरे न करणे, मतदान, लष्करी सेवा आणि राष्ट्रगीत गाणे यांपासून दूर राहणे, घरोघर जाऊन प्रचार करणे ही त्याची ओळख. ‘टेहळणी बुरूज’ हे पंथाचे नियतकालिक मराठीतही निघते आणि भारतीय शाखेचे कार्यालय एकेकाळी लोणावळ्याला होते, त्यामुळे महाराष्ट्राला हे नाव अगदीच परके नाही. या पंथावर जगभर कठोर टीका झाली आणि त्याच्या साध्यासुध्या अनुयायांचा जगभर छळही झाला. छळ करणाऱ्यांनी बहुतेक वेळा टीकेचाच आधार घेतला.

टीकेतील पहिला मुद्दा रक्ताचा. १९४५ पासून पंथाने रक्त घेणे निषिद्ध मानले आहे. जाणत्या, प्रौढ माणसाने स्वतःपुरते रक्त नाकारणे हा त्याचा अधिकार आहे. पण रुग्णशय्येवर लहान मूल असते तेव्हा प्रश्न पालकांच्या श्रद्धेपुरता उरत नाही. अनेक देशांच्या न्यायालयांनी अशा वेळी डॉक्टरांना रक्त देण्याची मुभा दिली आहे.

दुसरा मुद्दा आपल्याकडच्या शब्दात सांगायचा तर वाळीत टाकण्याचा. पंथातून काढलेल्या किंवा स्वतःहून बाहेर पडलेल्या व्यक्तीशी आप्तांनीही संबंध तोडावेत, अशी शिकवण असते. आईने मुलाचा फोन न घेणे, भावाने रस्त्यात ओळख न दाखवणे असे अनुभव माजी सदस्यांनी वारंवार सांगितले आहेत. हा पेच मुंबईलाही ठाऊक आहे. १९४९ चा मुंबई राज्याचा बहिष्कृतीविरोधी कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा नवा कायदा २०१६ चा आहे.

सर्वांत गंभीर ठपका ऑस्ट्रेलियातला. बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे २०१५ मध्ये पंथाच्या स्वतःच्याच दफ्तरातून १९५० पासूनच्या १,००६ आरोपितांच्या नोंदी आल्या. त्यांतील एकाचीही माहिती संस्थेने पोलिसांना दिलेली नव्हती. आरोपीची कबुली नसेल तर गुन्हा पाहिलेले दोन साक्षीदार हवेत, हा बायबलवरून घेतलेला नियम अशा गुन्ह्यांत लहान मुलाला एकटे पाडतो. इथे बोट संस्थेच्या नियमांकडे व ते राबवणाऱ्यांकडे आहे, आणि कागद पुढ्यात आहेत. अशी टीका व्हायलाच हवी.

छळाचा इतिहास याहून जुना आहे. नाझी जर्मनीत यहोवाच्या साक्षीदारांना छळछावण्यांत जांभळ्या त्रिकोणाची खूण लावावी लागे. श्रद्धा सोडल्याच्या निवेदनावर सही केली की सुटका होऊ शकत होती, तरीही बहुतेकांनी सही केली नाही. अमेरिकेत १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांवरील ध्वजवंदनाची सक्ती वैध ठरवली. त्यानंतर ध्वजवंदन न करणाऱ्या या पंथीयांना जमावांनी मारहाण केली, मेन राज्यात त्यांचे सभागृह जाळले गेले, वेस्ट व्हर्जिनियात काहींना बळजबरीने एरंडेल पाजण्यात आले. त्याच न्यायालयाने १९४३ मध्ये आपला निकाल फिरवला.

भारतातील कसोटी केरळमध्ये लागली. कोट्टायम जिल्ह्यातील किडंगूरच्या शाळेत या पंथातली तीन भावंडे शिकत होती. रोज सकाळी ‘जनगणमन’ सुरू झाले की ती इतरांबरोबर आदराने उभी राहत, फक्त गात नसत. एका आमदाराने हे पाहिले, विधानसभेत विषय निघाला, चौकशी समितीने मुलांकडून अवमान झाला नसल्याचे सांगितले. तरीही २६ जुलै १९८५ रोजी त्यांना शाळेतून काढण्यात आले. उच्च न्यायालयाने राष्ट्रगीतातील शब्द तपासले आणि त्यांत कोणाच्या धर्मभावना दुखावण्याजोगे काही नाही, असे म्हटले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी हा प्रश्नच मुळात गैरलागू ठरवला. श्रद्धा न्यायाधीशाला पटते की नाही हे पाहायचे नसते. ती प्रामाणिकपणे पाळली जाते का, एवढेच पाहायचे. राष्ट्रगीत गायलाच हवे असा कायदा नाही आणि उभे राहण्यात आदर आहे, असे सांगून न्यायालयाने मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. आपली परंपरा, आपले तत्त्वज्ञान आणि आपले संविधान तिन्ही सहिष्णुतेची आहेत, ती पातळ होऊ देऊ नका, अशा अर्थाचे निकालाचे शेवटचे शब्द पुढे अनेकदा उद्धृत झाले. या पंथाच्या कडव्या टीकाकारानेही हा निकाल मुळातून वाचावा. त्यात पंथाची भलामण नाही. शाळेतल्या तीन मुलांचा हक्क आहे.

रशियाने २०१७ मध्ये हा पंथच ‘अतिरेकी’ ठरवला. घरी जमून बायबल वाचणाऱ्यांवर खटले झाले, कित्येकांना तुरुंगवास घडला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून २०२२ मध्ये ही बंदी बेकायदा ठरवली. पण हे न्यायालय ज्या संघटनेचे, त्या युरोप परिषदेबाहेर रशिया त्याआधीच गेला होता.

२९ ऑक्टोबर २०२३ रोजी केरळमध्येच, कळमशेरी येथे, साक्षीदारांच्या अधिवेशनात प्रार्थना चालू असताना स्फोट झाले. पोलिसांपुढे हजर झालेल्या इसमाने आपण पूर्वी याच पंथात होतो असे सांगितले. पंथ देशद्रोही आहे, मुलांना राष्ट्रगीत गाऊ नका म्हणून शिकवतो, असा आरोप त्याने एका चित्रफितीत केला होता. मृतांमध्ये बारा वर्षांची एक मुलगी होती.