टाकळ्याला आधी ऊन लागतं, मग पाऊस

जूनच्या पहिल्या सरींनंतर थोड्याच दिवसांत आरे कॉलनीच्या रस्त्याकडेला, बोरिवलीच्या नॅशनल पार्कलगत, सोसायटीच्या कुंपणापाशी टाकळा दाटून उगवतो. दादरच्या बाजारात त्याच्या कोवळ्या जुड्या येतात. श्रेय आपण पावसाला देतो. माझ्या मते त्यातलं बरंचसं एप्रिल-मेच्या उन्हाचं आहे.

टाकळ्याची बी तपकिरी, चकचकीत, कंगोरेदार असते. ताज्या बिया रात्रभर भिजत घाला, बऱ्याचशा सकाळी तशाच टणक मिळतील. कवचातून पाणी आत शिरतच नाही. ही बीची सुप्तावस्था. मे महिन्यात मुंबईची हवा 33-34 अंशांवर असली तरी उघड्या मातीचा वरचा थर दुपारी 50 अंशांपलीकडे तापू शकतो आणि रात्री निवतो. रोजच्या या चढउतारानं कडक कवच कमकुवत होतं. अनेक शेंगवर्गीय बियांत नाभीजवळच्या (बी शेंगेला जिथे जोडलेली असते, तिथल्या) नाजूक जागी बारीक फट पडते. मग पाऊस आला की पाणी थेट आत.

पण सगळ्या बिया एकाच वर्षी उघडत नाहीत, आणि इथेच तणाची खरी ताकद आहे. वळवाच्या सरीनं फसून उगवलेली रोपं पुढच्या उन्हात करपली, तरी मातीत राखीव साठा उरतोच. अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी 1879 मध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या तणांच्या बियांपैकी काही 2021 मध्येही रुजल्या!

सगळ्या तणांचं कुलूप कवचात नसतं. काहींच्या बीत पाणी जातं, तरी आतलं अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक कोंबाला रोखून धरतं आणि जिबरेलिन हे दुसरं संप्रेरक त्याला पुढे ढकलतं. यात कोण वरचढ ठरणार, हे बऱ्याच अंशी तापमान ठरवतं. म्हणून चाकवत रब्बीच्या गारव्यात जोमानं उगवतो. बारीक बियांना तर खोलीही कळते: वरच्या थरात दिवस-रात्रीचा फरक मोठा असतो, खाली तापमान जवळपास स्थिर. शिवाय खाली उजेड पोचत नाही. आपण वाफा खोल खणतो तेव्हा अशा बिया उजेडात, उष्णतेच्या चढउतारात आणून ठेवतो.

त्यामुळे सोसायटीच्या बागेत पहिल्या पावसानंतर लगेच खणू नये. तणाची पहिली लाट उगवू द्यावी, खुरप्यानं वरवर खरवडून काढावी आणि मगच रोपं लावावीत. टाकळा मात्र कोवळा असतानाच मुळासकट उपटावा. भाजीही होते आणि शेंगा धरायची वेळच येत नाही.