पिस्तूल नेमबाजी : साइटची जुळवणी आणि नेमबाजाचे तंत्र

पिस्तुलाचा नेम सुधारायचा तर दोन ठिकाणी हात घालता येतो. साइट म्हणजे नळीवरची नेम धरण्याची जोडी, मागे खाच आणि पुढे माशी; तिचे पेच फिरवून छर्रे पडण्याची जागा सरकवता येते, किंवा उभे राहणे, पकड, नजर, श्वास आणि खटका (ट्रिगर) दाबण्याची रीत सुधारून छर्रे एकमेकांजवळ आणता येतात. ही दोन कामे एकमेकांच्या बदली चालत नाहीत. पेच फिरवला की छर्र्यांचा पुंजका, म्हणजे नेमबाजांच्या भाषेत ‘ग्रुप’, सरकतो, पण आवळत नाही. तो आवळायला हातच सुधारावा लागतो. प्रशिक्षणात आधी ग्रुपिंगवर, म्हणजे छर्रे एकत्र आणण्यावर, भर देतात तो याचसाठी.

हातातली चूक किती महाग पडते हे १० मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर नीट दिसते. तिथे दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी असतो आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिमी बाहेर. छर्रा ४.५ मिमीचा, त्याची कड वर्तुळाला टेकली तरी वरचा गुण मिळतो. दोन्ही साइट एकमेकींशी जुळलेल्या ठेवून सगळा हात ५ मिमी बाजूला डुलला, तर छर्राही तेवढाच सरकतो आणि दहा टिकतो. पण मागच्या साइटच्या खाचेत पुढची माशी १ मिमी कलली, तर दोन साइटमधले अंतर ३२० मिमी धरल्यास १० मीटरवर तीच चूक सुमारे ३१ मिमी होते. दहाचा सरळ सात होतो. २५ मीटरच्या स्पोर्ट पिस्तुलात साइटमधले अंतर जास्तीत जास्त २२० मिमी ठेवता येते. तिथे १ मिमीची चूक ११ सेंटिमीटरच्या पुढे जाते.

म्हणून नवख्याने हाताच्या थरथरीची धास्ती घेऊ नये. थरथर सगळ्यांनाच असते. नजर मात्र माशीच्या वरच्या कडेवर हवी, इतकी की लक्ष्याचा काळा गोल धूसर दिसावा आणि माशीच्या दोन्ही बाजूंना खाचेतली उजेडाची फट सारखी राहावी. नवख्याचा डोळा पुन्हा पुन्हा काळ्याकडे धावतो, कारण गुण तिथे असतात. तो धावला की माशी कुठे गेली ते कळतच नाही. काळ्याच्या मध्यावर नेम धरण्याऐवजी त्याच्या खाली पांढरी पट्टी सोडून नेम धरण्याची पद्धत यासाठीच रुळली आहे : पांढऱ्यावर काळी माशी स्वच्छ दिसते.

दुसरी मोठी जागा खटक्याची. एअर पिस्तुलाचा खटका दाबायला नियमाने किमान ५०० ग्रॅमचा जोर लागायला हवा. तो बोटाने सरळ मागे, वाढत्या दाबाने न्यायचा. उरलेल्या बोटांनी मूठ आवळायची नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे छर्रे खाली-डावीकडे जात असतील तर पहिला संशय खटका झटकल्याचा किंवा बार होण्याआधीच मनगट खाली दाबल्याचा घ्यावा.

प्रस्तुत लेखकाने नागपुरातल्या एका रेंजवर पाहिलेले उदाहरण सांगण्यासारखे आहे. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, हॉलमध्ये कूलरची घरघर. दहावीतली एक मुलगी सलग तासभर खेळत होती; छर्रे खाली-डावीकडे उतरू लागले तसा तिने पेचकस उचलला आणि साइट वर-उजवीकडे चढवली. संध्याकाळी दहा पुन्हा लागू लागले. दुसऱ्या दिवशी ती ताज्या हाताने आली, आणि पहिले पाचही छर्रे वर-उजवीकडे. प्रशिक्षक म्हणाले, ‘‘पेचकस ठेव बाई तिकडं. काल हात थकला होता, पिस्तूल नाही. आधी सांग, ग्रुप कुठं पडून राहिला?’’ लाकडी मुठीवर घामाचा ओला डाग होता. तिने मूठ पुसली, साइट पूर्वीच्या खुणेवर आणली आणि खटका झटकू न देण्यावर काम सुरू केले.

दर बारामागे साइट हलवणे का घातक, हे गणितानेही दाखवता येते. साइट योग्य असताना प्रत्येक छर्रा जितका चुकला तितकी ती उलट सरकवत गेले, तर पसारा घटत नाही. उलट सुमारे १.४ पट होतो. नेहमीच्या विखुरण्याला साइटचा दोष समजून आपण त्यात आपलीच भर घालतो. पाच छर्र्यांवरूनही मध्य ढोबळच कळतो. दहा-दहाच्या दोन ग्रुपांचा मध्य एकाच जागी पडला तर मात्र त्यावर विसंबता येते.

तरी काही वेळा साइट फिरवायलाच हवी. ‘साइटला हात लावू नको’ हा सल्ला आंधळेपणाने पाळणाराही चुकतो. ग्रुप घट्ट आहे पण मध्यापासून दूर आहे, छर्र्यांचा प्रकार बदलला, मूठ तासली किंवा लांबी (पुट्टी) भरून तिचा आकार बदलला, हॉलमधून उघड्या उजेडात आलो, तर घट्ट ग्रुपसुद्धा नव्या जागी बसतो. अशा वेळी मागची साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडे सरकवतात. पुढची उलट दिशेला. पोलीस-लष्कराच्या सेवेतल्या अनेक पिस्तुलांवर साइट स्थिर असते. तिची माशी कानशीने घासली की छर्रे वर चढतात, आणि घासलेले परत येत नाही, त्यामुळे ते काम शस्त्रकारागिराकडेच द्यावे.

महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० बार निवांत आणि ३० वेगवान असतात. वेगवान भागात लक्ष्य फक्त ३ सेकंद समोर येते, मध्ये ७ सेकंदांची विश्रांती, आणि प्रत्येक वेळी हात खाली ४५ अंशांवरून उचलायचा. त्या ३ सेकंदांत हात वर येतानाच माशी खाचेत बसलेली हवी. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

हा हात घडतो बहुतांशी बार न करता. पिस्तूल रिकामे आहे याची दोनदा खात्री करून कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभे राहतात, आणि खटका सुटताना माशी हलली का एवढेच पाहतात. समोर लक्ष्य नसल्याने डोळ्याला पळायला जागा उरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात हा सराव पहाटे करणे बरे : हात कोरडा असतो आणि कूलर लावावा लागत नाही, त्यामुळे वाऱ्याचा झोत ताणलेल्या दंडावर येत नाही. जाणते नेमबाज सोबत एक वहीही ठेवतात. तारीख, उजेड, छर्र्यांचा डबा, साइटचा पेच किती क्लिक (टकटक आवाजाचे टप्पे) फिरवला ती संख्या आणि ती का फिरवली त्याचे कारण त्यात लिहिलेले असते. कारणाचा रकाना कोरा राहिला, तर साइट मागच्या आकड्यावर परत नेतात.