माळवद, स्लॅब आणि आरईटीव्ही : नव्या घराची उष्णता मोजण्यामागचा इतिहास

मे महिन्यात सोलापुरात नव्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा, घर सर्वांत जास्त कधी तापतं? उत्तर येईल, रात्री. दहा वाजता पलंगावर उभं राहून छताला तळहात लावला, तर नुकत्याच उतरवून ठेवलेल्या तव्याची धग जाणवते. पंखा तीच गरम हवा खाली ढकलत राहतो. घर घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, पाणी विचारतो, पार्किंग विचारतो. 'हे घर उष्णता किती आत घेतं?' हा प्रश्न मात्र आपल्याकडे अगदी अलीकडे विचारला जाऊ लागला. तो आधी का विचारावा लागला नाही, याची गोष्ट माळवदापासून सुरू होते.

धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यातलं जुनं घर म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर किलचा म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यावर पाला-काड्या, आणि वर फूट-दीड फूट किंवा त्याहून जाड मातीचा थर. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी माळवदात एक सवणं, म्हणजे झरोका. पावसाळ्याआधी वर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा आणि चोपून बसवला जायचा. आजोळी मी पाहिलेल्या अशा घरात भर दुपारी जेवणं झाली की सगळे आत येऊन सारवलेल्या भुईवर आडवे व्हायचे. बाहेर उन्हाने डोळे उघडवत नसत आणि आत निवांत झोप लागायची, एवढाच फरक नव्हता. भिंतीला पाठ टेकली की गारवा लागायचा.

त्या मातीचं काम दुहेरी होतं. उष्णता अडायची आणि उशिरानेही पोचायची. दुपारचं ऊन थर ओलांडून आत येईपर्यंत रात्र झालेली असे, आणि तोवर माणसं अंगणात नाहीतर माळवदावर झोपायला गेलेली असत. भिंतीची जाडी हाताने मोजता यायची, म्हणून वेगळ्या आकड्याची गरजच नव्हती.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक घराखाली गाडली जाऊन गेली. आतल्या-बाहेरच्या दगडांना एकमेकांशी बांधणारे दगड नसलेल्या मातीच्या जोडाच्या भिंती फुटल्या आणि माळवदाचं टनावारी ओझं झोपलेल्या लोकांवर आलं. जी माती उन्हापासून वाचवत होती तिनेच घात केला. त्यानंतर कुणी जड छताखाली झोपायला धजावलं नाही, आणि ते अगदी बरोबर होतं. पुनर्वसनात पातळ भिंती आल्या, हलकी छपरं आली, काँक्रीट आलं. सिमेंटवरचं सरकारी नियंत्रण १९८२ मध्ये अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं होतं, त्यामुळे गावोगावी स्लॅब पडायला आधीच सुरुवात झाली होती. किल्लारीने त्याला निकड दिली. माझं म्हणणं एवढंच, की दीड फूट मातीच्या जागी पाच इंची काँक्रीट आलं तेव्हा उन्हाच्या बाबतीत आपण काय गमावलं, हा हिशेब कुणी मांडला नाही. पडणार नाही ना, गळणार नाही ना, हे दोनच प्रश्न उरले.

आजही गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा जो कोबा करतात तो पाण्यासाठी असतो. उतार मिळावा, पाणी पन्हाळीकडे जावं, एवढंच त्याचं काम. उष्णता थोडी अडते, पण फारच थोडी.

ती किती अडते हे सांगणारा आकडा म्हणजे यू-व्हॅल्यू. आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॉट उष्णता वाहते, ते ही संख्या सांगते. संख्या जितकी लहान तितकी भिंत चांगली. नऊ इंची विटांच्या, गिलावा केलेल्या भिंतीची यू-व्हॅल्यू २च्या थोडी वर येते. आपल्याकडे ज्याला सरसकट 'सिपोरेक्स' म्हणतात त्या हलक्या एएसी ब्लॉकच्या २०० मिलिमीटर भिंतीची ०.८च्या आसपास. हा ब्लॉक मूळचा स्वीडनचा, १९२०च्या दशकातला. आत सूक्ष्म हवेचे बुडबुडे असल्यामुळे तो उष्णता अडवतो. आणि सध्या उंच इमारतींत सर्रास दिसणारी 'मायवान' पद्धतीची ॲल्युमिनियमच्या साच्यातली १६० मिलिमीटर काँक्रीटची भिंत? तिची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या पुढे जाते. म्हणजे सिपोरेक्सच्या चौपट उष्णता. रंग दिल्यावर या तिन्ही भिंती डोळ्यांना सारख्याच दिसतात.

इमारतीच्या बाह्य आवरणाला असा एक नंबर देण्याची कल्पना तेलटंचाईतून आली. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेने १९७५ मध्ये इमारतींच्या ऊर्जेचं मानक काढलं. त्यात भिंत आणि काच मिळून आत येणाऱ्या उष्णतेची एकत्रित मर्यादा होती. सिंगापूरने ती १९७९ मध्ये आपल्या दमट हवेसाठी नियमात आणली आणि पुढे राहत्या घरांसाठी वेगळी आवृत्ती केली. तिला म्हणतात आरईटीव्ही : घराच्या भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी किती उष्णता आत येते, तो आकडा. युरोपातले नियम मुख्यतः घरातली ऊब बाहेर जाऊ नये यासाठी घडले. आपल्याला बाहेरचं ऊन आत येऊ नये याची चिंता, त्यामुळे सिंगापूरचा धडा जास्त जवळचा.

भारतात ज्ञान नव्हतं असं मुळीच नाही. रुडकीची केंद्रीय भवन संशोधन संस्था अनेक दशकं छतं आणि भिंतींच्या उष्णतेवर काम करत होती. १९८७ मध्ये भारतीय मानक ब्युरोची एसपी ४१ ही पुस्तिका आली, तिच्यात उष्णतेचं गणित सविस्तर आहे. पण ते पाळायची सक्ती नव्हती. २००१च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर बीईई म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही सरकारी संस्था स्थापन झाली, २००७ मध्ये इमारतींसाठी ईसीबीसी ही ऊर्जा संवर्धनाची संहिता आली, पण ती कार्यालयं, मॉल, हॉटेलं अशा व्यापारी इमारतींपुरती. राहतं घर त्यातून सुटलंच होतं. मला ही मोठी चूक वाटते, कारण देशात सर्वांत जास्त बांधकाम घरांचंच होतं.

ती उणीव १४ डिसेंबर २०१८ रोजी 'इको निवास संहिता'ने भरून निघाली. स्विस सरकारच्या सहकार्याने चाललेल्या प्रकल्पातून ती घडली. तिचा गाभा म्हणजे आरईटीव्ही चौरस मीटरला १५ वॉटच्या आत हवा. या सूत्रात भिंत, काचेतून वाहणारी उष्णता आणि काचेतून येणारं थेट ऊन असे तीन भाग आहेत. उष्ण-कोरड्या हवामानासाठी भिंतीच्या यू-व्हॅल्यूला गुणक आहे ६.०६ आणि थेट उन्हाच्या भागाला ६८.९९. सावली नसलेली काच घराला किती तापवू शकते, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून यावा. आपल्या जुन्या घरांचे रुंद छज्जे याच भागाला आवर घालत होते. खिडक्या-दारांचा उघडता येणारा भाग घराच्या कार्पेट एरियाच्या किती टक्के असावा हेही संहितेत आहे : उष्ण-कोरड्या भागात १०, मुंबई-रत्नागिरीसारख्या दमट भागात १६.६६. सरकत्या खिडकीची फक्त अर्धी बाजू उघडते, हे तिथे लक्षात घ्यावं लागतं.

छत या आरईटीव्हीत धरलेलं नाही. त्यासाठी वेगळी अट आहे, यू-व्हॅल्यू १.२ किंवा कमी. साध्या स्लॅबवर चार इंच कोबा घातला तरी आकडा अडीचच्या आसपास राहतो, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. थर्माकोलच्या जातीचा किंवा पीयूएफ या फोमचा दीड इंची थर कोब्याखाली घातला तर काम होतं. पांढऱ्या रंगाने यू-व्हॅल्यू बदलत नाही, पण गच्ची मुळात ऊनच कमी शोषते, म्हणून तोही द्यावा.

आता वरच्या मजल्याचं घर बघायला जाताना मी कपाळावर धरतात तसला इन्फ्रारेड थर्मामीटर नेतो, पण उद्योगासाठीचा, जो पन्नास-साठ अंशही मोजतो. संध्याकाळी सातला पश्चिमेची भिंत, उत्तरेची भिंत आणि छत आतून मोजायचं. उत्तरेच्या भिंतीपेक्षा छत सात-आठ अंशांनी गरम निघालं, तर वर थर घातलेला नाही असं समजावं. मग साइटवरच्या इंजिनिअरला भिंतीचा आणि गच्चीचा सेक्शन मागायचा : कोणता ब्लॉक, किती जाडी, कोब्याखाली काय. चांगला इंजिनिअर पाच मिनिटांत कागदावर काढून देतो.

२०२२च्या कायदादुरुस्तीने, जी १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली, १०० किलोवॉट किंवा अधिक वीज-जोडभाराच्या निवासी इमारतीही ऊर्जा संहितेच्या कक्षेत आणल्या. राज्यांना ही मर्यादा आणखी खाली आणता येते. माझ्या घराच्या ताब्याच्या फायलीत लिफ्टचं प्रमाणपत्र होतं, गळतीविरोधी कामाची हमी होती, टाइल्सचा बॅच नंबरसुद्धा होता. आरईटीव्हीचा कागद मागितला तेव्हा कार्यालयातल्या मुलीने तो शब्द दोनदा विचारून घेतला आणि वहीत लिहून ठेवला.